वड्याचं तेल थर्मामीटरवर

ताई, नमस्कार.
हिशेब तपासनीस म्हणून छत्तीस वर्षं काम करून निवृत्त झालो. आयुष्यभर एकच शिकलो: कागदावर काय लिहिलंय ते नंतर वाचावं, तो कुणी आणि कशासाठी लिहिला ते आधी बघावं. हवामानबदलाच्या प्रकरणात मला कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटतं. सरकारांना कर लावायला निमित्त हवं, शास्त्रज्ञांना अनुदानं हवीत. तापमानाच्या जुन्या नोंदी 'दुरुस्त' करतो, हे तर ते स्वतःच कबूल करतात. आमच्याकडे जुन्या नोंदीत खाडाखोड म्हणजे सरळ फौजदारी! माझी मुलगी पर्यावरण विषयात संशोधन करते. जेवताना मी हे सगळं बोललो, तर ती ताटावरून उठली. म्हणाली, "बाबा, तुम्ही मला चोर म्हणताय." त्याला तीन महिने झाले. आता तिचे फोन तिच्या आईलाच येतात. मी संशय घेणं सोडून देऊ का? की सगळे झोपलेत आणि मी एकटाच जागा आहे?
– एक जागा माणूस

नमस्कार.

संशय सोडू नका. तो नीट वापरा, एवढंच म्हणणं आहे. आणि मुलीचं म्हणाल, तर तिने तुमचं बोलणं अगदी बरोबर ऐकलं होतं, असं मला वाटतं. पण तिच्याकडे मी शेवटी येते. आधी तुमच्या धंद्यातलं बोलू, कारण तिथे तुम्ही माझं जास्त ऐकाल.

सरकारांवर विश्वास ठेवू नका हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे, आणि पुरावेही तुमच्याकडे आहेत त्याहून जास्त देते. उत्तर आयर्लंडमध्ये २०१२ साली लाकडाच्या गोळ्यांवर चालणाऱ्या बॉयलरना अनुदान देण्याची योजना निघाली. हेतू हरित. पण अनुदानाचा दर जळणाच्या किमतीपेक्षा जास्त ठेवला गेला आणि वरची मर्यादा घालायचं राहून गेलं. म्हणजे जितकं जाळाल तितकी कमाई. रिकाम्या गोदामांत रात्रंदिवस ऊब सोडल्याच्या तक्रारी झाल्या. २०१७ मध्ये या प्रकरणावरून तिथलं सरकार कोसळलं, चौकशी समितीचा अहवाल २०२० मध्ये आला. युरोपातल्या अनेक सरकारांनी कार्बन कमी सोडते म्हणून डिझेल गाडीला करसवलती दिल्या, शहरांची हवा बिघडवली. मग २०१५ मध्ये कळलं, की फोक्सवॅगनने सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांमध्ये चाचणीच्या वेळेपुरतं शहाणं वागणारं सॉफ्टवेअर बसवलं होतं. फ्रान्समध्ये २०१८ च्या अखेरीस पिवळी जाकिटं घालून लोक रस्त्यावर आले, ते इंधनावरच्या वाढत्या करामुळे. कर पर्यावरणाच्या नावाने, आणि उत्पन्नाचा मोठा भाग सर्वसाधारण तिजोरीत! त्यांचा राग खोटा नव्हता. सरकारने वाढ मागे घेतली.

ही यादी मी आणखी बरीच लांबवू शकते. पण तुम्ही ऑडिटर आहात, तर सांगा: यातलं प्रत्येक व्हाउचर कुणाच्या नावावर फाटलंय? सरकारच्या, मंत्र्यांच्या, एका गाडी कंपनीच्या. आणि तुम्ही रक्कम नावे टाकलीत भौतिकशास्त्राच्या खात्यावर. यालाच आपल्याकडे वड्याचं तेल वांग्यावर काढणं म्हणतात. एका पार्टीची थकबाकी दुसऱ्या पार्टीच्या खात्यात दाखवणारा कारकून तुम्ही एक दिवस तरी ठेवला असता का?

बरं, कागद कुणी आणि कशासाठी लिहिला हे बघायचं, तर बघूच. १८५६ मध्ये युनिस फूट नावाच्या अमेरिकन बाईने काचेच्या नळकांड्यांत वेगवेगळे वायू भरून उन्हात ठेवले. कार्बन डायऑक्साइडचं नळकांडं सगळ्यात जास्त तापलं आणि निवायलाही कितीतरी जास्त वेळ लागला. हा वायू वातावरणात जास्त असता तर पृथ्वी जास्त गरम असती, असं तिने लिहून ठेवलं. तीन वर्षांनी जॉन टिंडलने प्रयोगशाळेत मोजून दाखवलं, की काही वायू उष्णतेच्या किरणांना अडवतात. १८९६ मध्ये स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियसने हाताने आकडेमोड करून सांगितलं, की हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर तापमान ५ ते ६ अंशांनी वाढेल. आकडा आजच्या अंदाजापेक्षा जास्त निघाला, पण दिशा तीच. त्याला तर ही वाढ हवीशीच वाटत होती, थंड देशातला माणूस!

यात माझा सगळ्यात आवडता गाय कॅलेंडर. वाफेवर काम करणारा इंजिनिअर, हवामानशास्त्र त्याचा छंद. त्याने जगभरातल्या १४७ केंद्रांच्या नोंदी जमवून बेरजा केल्या आणि १९३८ मध्ये दाखवलं, की जग तापतंय आणि त्याला जळणाचा धूर जबाबदार आहे. हा माणूस कुणाच्या अनुदानावर नव्हता. कोणतंही सरकार त्याच्या निष्कर्षावर कर लावणार नव्हतं. तापमान वाढलं तर बरंच होईल, हिमयुग लांबेल, असंच त्याचंही मत होतं. आणि मान्यवर हवामानतज्ज्ञांनी त्याच्या निबंधावर शंका काढल्या. म्हणजे त्या काळात तुमच्यासारखा एकटा 'जागा' हाच होता.

आता अनुदानांचं. चार्ल्स कीलिंगने १९५८ मध्ये हवाईतल्या मौना लोआ डोंगरावर हवा मोजायला सुरुवात केली. तेव्हा हवेतल्या दर दहा लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे साधारण ३१५ होते. आज ४२० च्या वर आहेत. १९६४ च्या आलेखात काही महिन्यांची पोकळी दिसते, ती का? निधी कापला गेला म्हणून. सरकारी पैसा या मोजणीला हव्या त्या निष्कर्षाकडे ढकलत होता असं म्हणायचं, तर तो पैसा वेळेवर तरी यायला हवा होता ना!

ही वाढ कुठून आली, हाही तुमच्या आवडीचा प्रश्न आहे. नोटांच्या नंबरांवरून पैसा कुठल्या बँकेतून निघाला ते कळतं, तसं इथेही आहे. कोळसा आणि तेल कोट्यवधी वर्षं जमिनीखाली पडून असल्यामुळे त्यांच्यात कार्बन-१४ हा किरणोत्सारी प्रकार उरलेला नसतो. हवेत ते मिसळत गेलं, की हवेतल्या कार्बन-१४ चं प्रमाण पातळ होत जातं. हान्स स्यूसने १९५५ मध्येच ही खूण पकडली होती. ज्वालामुखीतूनही जुनाच कार्बन निघतो, पण आपण वर्षभरात जाळतो त्याच्या मानाने तो चिल्लर आहे. सूर्याचं म्हणाल, तर १९७८ पासून उपग्रह त्याची ऊर्जा मोजताहेत. ती वाढत चाललेली नाही. शिवाय सूर्यच तापला असता तर वातावरण वरपासून खालपर्यंत तापलं असतं. प्रत्यक्षात खालचा थर तापतोय आणि वरचा, म्हणजे स्थितांबर, थंड होतोय. वर ओझोन घटल्याचाही त्यात हात आहे, पण कार्बन डायऑक्साइड वाढला की नेमकं असंच घडेल, हे मनाबे आणि वेदराल्ड या हवामानशास्त्रज्ञांनी १९६७ मध्येच गणिताने सांगितलं होतं. आधी सांगितलं, नंतर मोजलं. तारखा तपासून घ्या.

आता तुमचा मुख्य आरोप, खाडाखोडीचा. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुमच्या पत्रातली ही सगळ्यात चांगली शंका आहे आणि तिला बहुतेक लोक नुसते खेकसून उत्तर देतात.

पृथ्वीचा सत्तर टक्क्यांहून जास्त भाग समुद्र. समुद्राचं तापमान जुन्या काळी कसं मोजत? जहाजावरून दोरीने बादली सोडायची, पाणी वर ओढायचं, त्यात थर्मामीटर बुडवायचा. आधी लाकडी बादल्या होत्या, मग कॅनव्हासच्या आल्या. ओल्या कापडातून पाणी झिरपतं, त्याची वाफ होते, आणि वर येईपर्यंत बादलीतलं पाणी थंड होतं. पुढे जहाजाचं इंजिन गार ठेवायला आत घेतलं जाणारं पाणीच मोजू लागले. ते इंजिनच्या उबेमुळे किंचित गरम लागतं. दुसऱ्या महायुद्धात तर रात्री डेकवर दिवा घेऊन बादली वाचायला जाणं म्हणजे शत्रूला बोलावणं, म्हणून इंजिनवाले आकडे एकदम वाढले. युद्ध संपलं, बादल्या परत आल्या. नंतर तरंगते बोये आले, त्यांची पद्धत आणखी वेगळी.

अशा नोंदी आहेत तशा एकाखाली एक लिहून बेरीज मारली असती, तर तुम्हीच ती वही भिरकावली असतीत. मापं बदलली तर ती एका मापात आणावी लागतात. तेच केलं गेलं. जमिनीवरही केंद्र छपरावरून मैदानात हलवलं, वाचनाची वेळ संध्याकाळची सकाळ झाली, उपकरण बदललं, तर ते जुळवून घ्यावं लागतं. आणि आता गंमत बघा. जमिनीवरच्या दुरुस्त्यांनी तापमानवाढ थोडी जास्त दिसते, हे खरं आहे, या वादात फिरणारी चित्रं तेवढीच दाखवतात. समुद्रावरच्या दुरुस्त्या उलट्या दिशेने जातात, कारण जुन्या बादल्यांचे थंड आकडे वर उचलावे लागतात. समुद्र मोठा असल्याने एकूण जमाखर्च असा निघतो, की दुरुस्तीनंतर शतकभराची वाढ मूळ नोंदींपेक्षा कमी भरते. घोटाळा करायचाच असता, तर कुणी स्वतःच्या नफ्याचा आकडा खाली आणला असता का?

शिवाय 'खाडाखोड' हा शब्द मला टोचला. तुमच्या धंद्यात दुरुस्तीची नोंद असतेच की. मूळ नोंद तशीच ठेवायची, चूक का झाली ते लिहायचं, वेगळी नोंद घालायची. तापमानाच्या मूळ नोंदी आणि दुरुस्त नोंदी दोन्ही प्रसिद्ध आहेत. कुणीही घेऊन बेरीज करावी.

एकाने ती केलीसुद्धा. रिचर्ड म्युलर, बर्कलीचे भौतिकशास्त्रज्ञ, तुमच्यासारखीच शंका असलेले. शहरं वाढली म्हणून थर्मामीटर तापले का, बरी केंद्रं निवडून घेतली का, हे सगळं त्यांना तपासायचं होतं. त्यांच्या गटाला पैसे देणाऱ्यांत तेल व्यवसायातल्या चार्ल्स कोख यांचं प्रतिष्ठानही होतं. २०१२ मध्ये म्युलरनी जाहीर केलं, की अडीचशे वर्षांत जमिनीचं तापमान सुमारे दीड अंशाने वाढलंय, आणि कारण जवळजवळ पूर्णपणे माणूस आहे. उपग्रहांवरून मोजलेल्या तापमानाचे आकडे सांभाळणारे जॉन क्रिस्टी आणि रॉय स्पेन्सर हेही नावाजलेले शंकेखोर. सुरुवातीला त्यांच्या आकड्यांत वाढ जवळपास दिसतच नव्हती. मग इतरांनी दाखवलं, की उपग्रह हळूहळू खाली घसरतो ते धरलेलं नाही, आणि २००५ मध्ये असंही निघालं, की दिवसाच्या वेळेच्या एका दुरुस्तीत अधिक-वजाचं चिन्हच उलटं पडलंय. त्यांनी चूक मान्य केली. आज त्यांच्याच आकड्यांत दर दशकाला सुमारे ०.१५ अंशाची वाढ आहे. मला ही माणसं त्यासाठी आवडतात. मतं सोडली नाहीत, पण आकडा बदलला.

'फायदा कुणाचा' हा तुमचा प्रश्नही एकदा पूर्ण विचारा, अर्ध्यावर सोडू नका. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ या एका वर्षात जगातल्या सरकारांनी जीवाश्म इंधन स्वस्त ठेवण्यासाठी १ लाख कोटी डॉलरहून जास्त अनुदान दिलं. कित्येक देशांचा गाडाच तेलाच्या उत्पन्नावर चालतो. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या आयपीसीसीच्या, म्हणजे हवामानबदलाचा आढावा घेणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीच्या, अहवालांचा सारांश सरकारांचे प्रतिनिधी एकेका ओळीवर बसून मंजूर करतात, आणि त्यात तेल विकणारे देशही असतात. तेव्हा सरकारी दबाव असतो हे तुमचं बरोबर. फक्त तो बहुतेक वेळा मवाळ शब्द घालण्यासाठी असतो. एक्सॉन या तेल कंपनीच्या स्वतःच्या शास्त्रज्ञांनी १९७७ पासून पुढे जे अंदाज केले, ते २०२३ मध्ये तपासले गेले. बहुतेक बरोबर निघाले. कंपनी बाहेर मात्र अनेक वर्षं अनिश्चिततेची भाषा बोलत होती. या कागदावर सही कुणाची आणि फायदा कुणाचा?

मार्गारेट थॅचर यांचं उदाहरण तर मी या वादात पडणाऱ्या प्रत्येकाला ऐकवते. ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान, शिक्षणाने रसायनशास्त्रज्ञ. सप्टेंबर १९८८ मध्ये रॉयल सोसायटीपुढे तापमानवाढीचा इशारा देणाऱ्या पहिल्या बड्या नेत्यांपैकी एक. लोक म्हणाले, ही बाई कोळसा खाणकामगारांवर उठलीय, १९८४-८५ चा संप मोडला, आता हे नवं हत्यार. पुढे २००२ मध्ये त्यांनीच लिहिलं, की हवामानाच्या नावाखाली डावी मंडळी समाजवाद आणू पाहताहेत. म्हणजे आधी त्यांच्या हेतूवर डाव्यांना संशय, मग डाव्यांच्या हेतूवर त्यांना संशय. दोन्ही संशय खरे असतील, मी पैज लावत नाही. या चौदा वर्षांत मौना लोआचा आकडा मात्र वरच चढत गेला.

तुमच्यासारखा माणूस हवा आहे अशाही जागा आहेत, त्या सांगते. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यावर तापमान नेमकं किती वाढेल? १९७९ चा अंदाज दीड ते साडेचार अंश होता, आयपीसीसीच्या २०२१ च्या अहवालात तो अडीच ते चार झाला. चाळीस वर्षांत एवढीच प्रगती, कारण ढग! ढग सावलीही धरतात आणि पांघरूणही घालतात, आणि कुठला परिणाम कुठे वरचढ ठरेल हे गणितात बसवताना तज्ज्ञांची अजून दमछाक होते. एखाद्या छोट्या भागात वीस वर्षांनी पाऊस किती पडेल, हे ठामपणे सांगणाऱ्याला तुम्ही जरूर दोन प्रश्न विचारा. आयपीसीसीच्या २००७ च्या अहवालात हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याची शक्यता छापली गेली होती. साफ चूक, जानेवारी २०१० मध्ये त्यांना मान्य करावी लागली, आणि ती हिमनद्यांच्याच अभ्यासकांनी दाखवून दिली होती. (ते साल मीही एका लेखात बेधडक लिहिलं होतं. दुरुस्ती छापताना कान लाल झाले होते.) २००९ मध्ये ब्रिटनच्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठातल्या हवामानशास्त्रज्ञांची ईमेल फुटली, त्यानंतरच्या चौकश्यांत आकडे बनवल्याचं आढळलं नाही, पण माहिती मागणाऱ्यांना टोलवल्याबद्दल कानउघाडणी झाली. योग्यच झाली. आणि कर? कोणता, कुणावर, जमा झालेलं कुठे गेलं, गरिबाला परत किती मिळालं? हे विचारायला तापमानवाढ नाकारावी लागत नाही. उलट नाकारलीत, की त्या खोलीत तुम्हाला कुणी खुर्ची देत नाही, आणि वाईट योजना आखणाऱ्यांचं फावतं.

एक काम करा. कागदावर लिहा: 'अमुक आकडा दिसला तर मी मत बदलेन.' तारीख घाला, सही करा. २०२४ साल हे औद्योगिकीकरणापूर्वीच्या मानाने सुमारे १.५५ अंश जास्त होतं, असं जागतिक हवामान संघटनेचं मोजमाप आहे, तेव्हा आकडा आजच्या खालचा लिहून स्वतःला फसवू नका. लिहिता येईना, तर जो चालू आहे तो संशय नाही, राग आहे. रागही चालतो, पण त्याला ऑडिट म्हणू नका.

आता मुलगी.

तुम्ही जेवताना म्हणालात, की शास्त्रज्ञ अनुदानासाठी आकडे फिरवतात. ती शास्त्रज्ञ आहे. मग तिने काय ऐकायचं होतं? 'तू सोडून बाकीचे' असं तुमच्या मनात असेल, पण ते तुम्ही बोलला नाहीत, आणि बोलला असतात तरी फार फरक पडला नसता. ज्या लोकांबरोबर ती रोज बसते, त्यांना चोर म्हणून तिला साव ठरवता येत नाही. ज्याच्यावर शिक्का बसला त्या माणसाचं काय होतं, हे तुम्ही नोकरीत पाहिलं असेल. पुराव्याशिवाय कुणाचं नाव अहवालात घातलंत का कधी?

तेव्हा माफी मागा, आणि नेमकी मागा. मतांची मागू नका, तिलाही ती खोटी वाटेल. 'पुरावा नसताना तुझ्या कामावर आरोप केला, ते चुकलं', इतकंच. बायकोला मध्ये घालू नका, तीन महिने त्या निरोप्याचं काम करताहेत, त्यांचीही दमछाक झाली असेल. माफीच्या शेपटीला 'पण' लावू नका. कुठलाही व्हिडिओ पाठवू नका.

नंतर कधीतरी, त्याच फोनवर नव्हे, तिला विचारा की ती दिवसभर नेमकं काय मोजते. तपासायला म्हणून विचारू नका, ते तिला लगेच कळेल. सरकारी हरित योजनांबद्दलही विचारा. माझा अनुभव असा, की त्यांच्यावर सगळ्यात कडवट बोलणारी माणसं याच क्षेत्रात भेटतात. कदाचित तिथे तुम्हा दोघांचं इतकं जमेल की तुमच्या पत्नी वैतागतील. आणि बोलायला काहीच सुचलं नाही, तर कॅनव्हासच्या बादलीत पाणी किती अंशांनी थंड होतं आणि ते कुणी, कसं शोधून काढलं, ते विचारा. मला तेवढं नेमकं सांगता आलेलं नाही. तिला येईल.